बेळगावहून पीएनपी व्हायला यायचं म्हणतीस, तर मुलीचं वय आधी मोज

अक्का म्हणून हाक मारलीस म्हणून एवढं लिहायला बसले, नाहीतर अशा प्रश्नांना मी दोन ओळी लिहून मोकळी होते.

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी नर्सिंग झालंय, बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डला काम करतीस, मुलगी आठ वर्षांची आहे. अमेरिकेत येऊन पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर (पीएनपी, म्हणजे मुलांना स्वतः तपासून औषध लिहून देणारी नर्स) व्हायचं आणि ज्या पोरांना घर नाही, वाली नाही, ज्यांचा कुणीतरी बाजार मांडलाय, त्यांच्यासाठी नर्सेसनीच चालवलेल्या संस्थेत काम करायचं. नॅपनॅप या अशा नर्सेसच्या संघटनेच्या त्या पार्टनर्स फॉर व्हल्नरेबल यूथबद्दल वाचलंस आणि डोक्यात बसलं. यावं का, आणि एकटं वाटतं का?

एनक्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा, सीजीएफएनएस (आताचं नाव ट्रूमेरिट) कडून कागदांची तपासणी, इंग्लिशची परीक्षा, पुढं मास्टर्स आणि पीएनपीचं सर्टिफिकेशन, हे सगळं साईटवर आहे, मी नाही सांगत बसत. साईटवर नाही ते ऐक. ट्रान्सक्रिप्टमध्ये थिअरीचे तास वेगळे आणि वॉर्डचे वेगळे लागतात, तेही पेडियाट्रिक, मॅटर्निटी, सायकियाट्री असे विषयवार, आणि कॉलेजातल्या क्लार्कला ते भरायला लावणं ही परीक्षेपेक्षा मोठी परीक्षा. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, तेही आपल्या कर्नाटक पद्धतीनं दोन इनिशियल लावून, पासपोर्टवर सासरचं आडनाव, जन्मदाखला कन्नडात, शाळेचा दाखला मराठीत, गाव एका कागदावर बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बसून बंगळुरूला जायचं आणि तिथं एका ऑफिसात टेबलापलीकडचा माणूस फाईल उघडून म्हणणार, बेळगावच्या का तुम्ही? मी खानापूरची, कन्नड मला चांगलं येतं, कन्नडातच बोलत होते, तरी फाईल गठ्ठ्याच्या तळाला. अजून राग आहे मला त्याचा.

आता काम. हे आधी सांगते कारण हे चांगलं आहे. नर्स प्रॅक्टिशनर ही गोष्टच मुळी लहान मुलांपासून सुरू झाली, १९६५ ला कोलोराडोत लॉरेटा फोर्ड नावाची नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून, जिथं मुलांना डॉक्टर मिळत नव्हता तिथं नर्सनं तपासावं म्हणून. त्यामुळं नर्स संस्थेची पुढारी आहे याचं इथं कुणाला नवल वाटत नाही. माझ्या सहीनं औषध मिळतं. आमच्या ओहायोत त्यासाठी एका डॉक्टरशी करार लागतो, अर्ध्याहून जास्त राज्यांत तोही लागत नाही.

गुरुवारी संध्याकाळी आमची संस्था एका चर्चच्या तळघरात क्लिनिक लावते. पोरं खरं तर पिझ्झासाठी येतात. एक सतरा वर्षांचा मुलगा यायचा, त्याच्या इन्हेलरवरचा डोस मोजायचा आकडा केव्हाच शून्यावर आलेला, तरी खिशातून काढून ओढायचा आणि बरं वाटतं म्हणायचा. त्याला नवीन देणं सोपं, पण तो कुठं झोपतो ते कळल्याशिवाय दम्याचं काय करणार? मग आधी घर, मग शाळा, मित्र, नशा, शरीरसंबंध, जीव द्यावासा वाटतो का, असं सोप्याकडून अवघडाकडं विचारत जायचं, हेड्स म्हणतात त्याला, आणि आईबाप असतील तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसवायचं. आपल्याकडच्या ओपीडीत आई, आज्जी, काकू आणि शेजारीण पण आत, आणि मुलीला पाळी कधी आली ते काकू सांगणार! इकडं पहिल्यांदा एका आईला बाहेर जा म्हणताना माझा आवाजच फुटेना.

संस्था चालवणं म्हणशील तर त्यातलं निम्मं काम पेशंटचं नाही. ग्रँटचे अर्ज, बोर्डाची मीटिंग, वर्षाचा हिशेब फॉर्म नऊशेनव्वदवर, जो कुणीही उघडून बघू शकतो. पगार हॉस्पिटल देतं, संस्थेचं आम्ही बहुतेक जणी ड्यूटी संपल्यावर करतो.

मुलीच्या शाळेचं विचारलं नाहीस पण सांगते. मी एच-फोरवर आले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकामुलांना मिळतो त्या व्हिसावर, मिस्टरांच्या मागं. मुलगा सहा वर्षांचा, बेळगावात कॅम्पातल्या इंग्लिश मीडियमला जात होता. इथं शाळेत घालताना एक फॉर्म देतात, घरात कुठली भाषा बोलता. मी खरं तेच लिहिलं, मराठी, थोडं कन्नड. झालं! त्यावरून इंग्लिशची टेस्ट, नवीन जागी बिचकलेलं पोर, गप्प बसला, आणि त्याला ईएसएलला टाकलं, म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्या मुलांच्या वेगळ्या तासाला. वर्गातून रोज उठवून न्यायचे, नेमकं सायन्सच्या वेळी. आईबाप नको म्हणू शकतात पण वर्षाची टेस्ट पास होईपर्यंत सुटत नाही, हे मला शाळेनं नाही, एका फिलिपिनो नर्सनं सांगितलं. खरं लिहिलं त्याची शिक्षा पोराला का, हे शाळेतल्या बाईंना मी विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. आता क्लिनिकमध्ये कुणाचा तो फॉर्म दिसला की मी आधी त्या घरच्यांना बसवून सगळं समजावते.

आता मेन गोष्ट. मुलगा वीस वर्षांचा होत आलाय आणि आमचा ग्रीन कार्डाचा नंबर लागलेला नाही. २१ झाला की तो आमच्या व्हिसातून बाहेर, स्टुडंट व्हिसा घे नाहीतर परत जा. परत कुठं? मराठी बोलतो पण वाचत नाही. एच-फोरवरच्या बायकांना २०१५ पासून कामाची परवानगी मिळायला लागली (सगळ्यांना नाही, नवऱ्याची फाईल एका टप्प्यावर पोचलेली लागते), मुलांना नाहीच. त्याचे मित्र आईस्क्रीमच्या दुकानात उभे राहून पैसे मिळवायचे आणि हा घरी. आणि मी काय करते तर संस्थेत सोळा-सतराच्या पोरांना उन्हाळ्याची नोकरी लावून देते, त्यांचे फॉर्म तपासते. फॉस्टर केअरमधली, म्हणजे सरकारनं दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवलेली पोरं १८ ला, काही ठिकाणी २१ ला सरकारच्या हातून सुटतात, पुढं कुठं राहणार, कोण बघणार, याचा आराखडा आम्ही वर्ष-दोन वर्षं आधी करायला लागतो, २६ पर्यंत त्यांना मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा मिळतो तो करून देतो. घरातल्यासाठी माझ्याकडं असला आराखडा नाही. एका वकिलाची फी भरली, त्यानं सांगितलं ते मला माहीतच होतं. संस्थेतल्या कुणाला हे मी बोलले नाही गं, तुला लिहितेय. मिस्टर म्हणतात होईल काहीतरी. त्या पोरांचे बाप पण असंच म्हणत असतील, असं एकदा तोंडावर आलं होतं, गिळलं.

म्हणून तुझं गणित मुलीपासून मांड. भारतात जन्मलेल्या नर्सला ईबी-थ्रीची, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची रांग आज दहा वर्षांच्या वर आहे. मुलगी आठची. तुझा नंबर येईपर्यंत ती २१ च्या आत राहायला पाहिजे, फाईल मंजूर व्हायला लागलेले दिवस वयातून वजा होतात पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. एजंट हे सांगत नाही, तो फक्त पगार सांगतो.

एकटेपणाचं म्हणशील तर असतो. कामाला लागलीस की कमी होतो. महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलं की तुम्ही कर्नाटकातल्या ना, मग मराठी कसं, आणि कन्नड कूटात गेलं की बेळगाव म्हटल्यावर सगळे जरा जपून बोलतात. पुढं.

येऊ नको असं मी म्हणत नाही. तिकडं अशी पोरं नाहीत असं थोडंच आहे, निपाणीत विड्या वळणाऱ्या घरातल्या मुली, ऊसतोडीच्या टोळ्यांमागं फिरणारी मुलं, देवदासी बंदीचा कायदा १९८२ चा पण सौंदत्तीच्या बाजूला त्या घरातल्या मुलांचे प्रश्न संपलेले नाहीत. पण तिकडं तुझ्या सहीनं साधं इन्हेलर मिळणार नाही, हे पण खरं, आणि ती सही हातात आल्यावर काय वाटतं ते मला माहीत आहे, त्यामुळं तिथंच राहून कर असा उपदेश मी कुठल्या तोंडानं करू.

दोन गोष्टी मात्र याच महिन्यात कर. मार्कशीट, रजिस्ट्रेशन आणि पासपोर्टवरचं नाव एक करून घे, इथं आल्यावर ते फार अवघड जातं. आणि तुझ्या मिस्टरांचा जन्म कुठला ते कळव. कुवेत-मस्कतला झाला असेल तर त्यांच्या जन्मदेशाच्या रांगेत तुझी फाईल लावता येते आणि मग वरचं सगळं गणित बदलतं. आमच्या दोघांचाही जन्म खानापूरचाच.