रिच अमाइनच्या (अॅबसॉर्बर या जास्त दाबाच्या मनोऱ्यात गॅसमधले आम्लवायू शोषून बाहेर येणाऱ्या द्रावणाच्या) लेटडाऊन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, वाया जाणारा दाब परत वापरता येतो का? (७० बारवरून ७ बार, डिझाइन प्रवाह ताशी २०० घनमीटर)

येतो, आणि तुमच्या आकड्यांवर तो वापरायलाच हवा. ताशी घनमीटर गुणिले बारमधला फरक भागिले ३६ केलं की किलोवॅट मिळतात. २०० × ६३ ÷ ३६ = ३५०. उलटा चालवलेला मल्टिस्टेज पंप टर्बाइन म्हणून बसवला आणि कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर शाफ्टवर साधारण २६२ किलोवॅट येतात. ही शक्ती जनरेटरला देण्याच्या भानगडीत पडू नका. लीन अमाइन (आम्लवायू काढून टाकलेलं अमाइन) अॅबसॉर्बरकडे परत पाठवणाऱ्या पंपाच्याच शाफ्टवर द्या, मोटारीचा भार थेट उतरतो.

पण ऑर्डर देण्याआधी वर्षभराची लॉगशीट काढा. असे प्रकल्प बहुतेक इथेच फसतात. डिझाइन प्रवाहाच्या ४० टक्क्यांच्या आसपास या टर्बाइनमधून काहीच शक्ती मिळत नाही. त्याखाली ते उलट पंपावरच ओझं होतं. समजा, तुमचा प्रवाह प्रत्यक्षात बहुतेक वेळ १४० च असतो. मग २०० साठी घेतलेलं यंत्र ढोबळमानाने १३० किलोवॅट देईल. १४० साठीच घेतलं तर १८४ मिळतील आणि वरचा प्रवाह बायपासने जाईल. नेमप्लेटवरचा आकडा पाहून मोठं यंत्र घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन.

जोडणी अशी: मोटारीच्या एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला टर्बाइन, आणि टर्बाइन व मोटार यांच्यामध्ये ओव्हररनिंग क्लच, म्हणजे टर्बाइनकडून मोटारीकडे एकाच दिशेने शक्ती नेणारा क्लच. प्रवाह घटला की क्लच आपोआप सुटतो. मोटार मात्र पंपाच्या पूर्ण भाराचीच हवी, कारण सुरुवातीला पंप फिरल्याशिवाय रिच अमाइन येतच नाही.

कंट्रोल व्हॉल्व्ह टर्बाइनच्या इनलेटला, अगदी जवळ ठेवा. त्यामुळे मेकॅनिकल सील आउटलेटच्या कमी दाबावर राहतात आणि जास्त टिकतात. शिवाय द्रवातून सुटणारा वायू प्रसरण पावून थोडी जादा शक्ती देतो. ती हिशेबात धरू नका, मिळाली तर बोनस समजा. अॅबसॉर्बरच्या लेव्हल कंट्रोलरला स्प्लिट रेंज द्या: आधी इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडेल, मगच बायपास. बायपास व्हॉल्व्ह पूर्ण प्रवाहाचाच हवा, म्हणजे टर्बाइन दुरुस्तीला काढलं तरी प्लांट थांबत नाही. जुना लेटडाऊन व्हॉल्व्ह सुस्थितीत असेल तर तोच तिथे चालेल.

क्लच किंवा कपलिंग तुटलं तर टर्बाइन बेफाम फिरेल, आणि द्रवात वायू असेल तर वेग आणखी चढेल. म्हणून रनअवे वेग किती, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. यंत्राला तो झेपणार नसेल तर ओव्हरस्पीड ट्रिप (वेग जास्त झाला की यंत्र बंद करणारी यंत्रणा) रेटेड वेगाच्या ११५ ते १२० टक्क्यांवर लावा. आउटलेट बंद राहिला तर टर्बाइनची केसिंग आणि सील इनलेटच्या दाबाखाली येतात, तेव्हा तिथे रिलीफ व्हॉल्व्हही द्या.