बायोप्सी न करता नुसत्या एमआरआयवरून लिव्हरचा कॅन्सर नक्की कसा ठरवतात?

तुमच्या वडिलांना सिरॉसिस (यकृत व्रण पडून कडक होण्याचा आजार) आहे, लिव्हर ट्रान्सप्लांटची तयारी चालू आहे, सोनोग्राफीत 2 सेंटिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टर बायोप्सी नको, कॉन्ट्रास्ट एमआरआय करा म्हणतात. तुकडा न तपासता कॅन्सर कसा ठरवणार, ही तुमची शंका रास्त आहे. मी रेडिओलॉजिस्ट आहे, हे स्कॅन रोज वाचतो. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये एमआरआयवर ठरलेल्या खुणा स्पष्ट दिसल्या, तर त्या निदानावर भरवसा ठेवता येतो.

सगळी मेख रक्तपुरवठ्यात आहे. यकृताला सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, येतं आणि बाकीचं धमनीतून. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे यकृताच्या पेशींचा कॅन्सर, मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतो. त्यामुळे गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. आणखी अर्ध्या मिनिटाने यकृत उजळतं आणि तीच गाठ त्याच्यापुढे काळी पडते. आधी उजळ, मग काळी, आणि आकार 1 सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा, असं असेल तर रिपोर्टमध्ये ‘एलआर-5’ लिहिलं जातं, म्हणजे कॅन्सर जवळजवळ नक्की. मग सहसा बायोप्सी लागत नाही. सिरॉसिसमध्ये रक्तस्रावाची भीती असते, शिवाय सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी पसरण्याचा थोडा धोकाही असतो. ट्रान्सप्लांटच्या तोंडावर तो कशाला पत्करायचा?

पण हा नियम सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या प्रौढांनाच लागू आहे. निरोगी यकृतातल्या गाठीला तो लावत नाहीत. ‘एलआर-3’ (कॅन्सर आहे की नाही सांगता येत नाही) किंवा ‘एलआर-4’ (बहुधा कॅन्सर) आलं तर पुन्हा स्कॅन करायचा की बायोप्सी, हे ट्रान्सप्लांटची टीम एकत्र बसून ठरवते.

गाठी किती आणि केवढ्या, हेही तितकंच महत्त्वाचं. कॅन्सर असताना ट्रान्सप्लांट करायचा की नाही, हे ठरवताना 1996 साली मांडलेले मिलान निकष आजही पाया मानले जातात: एकच गाठ असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको आणि यकृताबाहेर प्रसार नको. म्हणून रिपोर्ट लिहिताना मी पोर्टल व्हेन टोकापर्यंत तपासतो. तिथे कॅन्सरची गुठळी दिसली तर सगळा बेतच बदलतो.

आता तुमच्या हातातली गोष्ट. धमनीचा टप्पा काही सेकंदांचाच असतो आणि तेवढा वेळ श्वास रोखावा लागतो. पोटात पाणी झालेल्या पेशंटला ते फार जड जातं. चित्र हललं तर तो क्षण गेला, नव्या इंजेक्शनशिवाय परत मिळत नाही. वडिलांकडून घरी आडवं पडून श्वास सोडून 15 ते 20 सेकंद थांबण्याचा सराव करून घ्या. धाप लागत असेल तर टेक्निशियनला आधीच सांगा, श्वास रोखण्याचा वेळ कमी करता येतो. पोटात फार पाणी असेल तर ते आधी काढायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा. पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. आणि जुन्या सीटी-एमआरआयच्या सीडी नक्की न्या, नुसते कागद नकोत. सहा महिन्यांच्या आत गाठ दीडपट झाली असेल तर तीही कॅन्सरची एक मुख्य खूण धरतात, आणि ते जुनी चित्रं शेजारी लावल्याशिवाय कळत नाही.