नेटवर्कचा नकाशा: आधी एकच सबनेट

सांगली मार्केट यार्डातल्या पेढीचं नेटवर्क हातात आलंय, छान! पण कोणतं मशीन कुठे जोडलंय याचा नकाशा काढायचा म्हणून पहिल्याच दिवशी सगळं स्कॅन करत सुटू नकोस. मालकांना विचार, मग एकच सबनेट (नेटवर्कचा एक तुकडा) धर. /२४ आकाराच्या सबनेटमध्ये मशीनना देता येणारे २५४ च पत्ते.

- पिंगला ('आहेस का?' अशी मशीनला मारलेली हाक) उत्तर नाही म्हणजे मशीन बंद, असं नसतं. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंग अडवते. एआरपी तक्ता (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, याची यादी) बघ.
- कोण कुणाला जोडलंय हे नुसत्या पिंगने कळत नाही. स्विचवर एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाला स्वतःची ओळख सांगणारा प्रोटोकॉल), एसएनएमपी (उपकरणाची माहिती दुरून वाचायचा प्रोटोकॉल) चालू हवं. एसएनएमपीची कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' असेल तर आधी बदल!
- हळदीच्या गोदामातला स्वस्तातला आठ पोर्टी अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेला, स्वतःची माहिती न देणारा) स्विच नकाशावर येणारच नाही. बाकीच्या नोंदी बरोबर असल्या तरी सगळे इथेच फसतात. मेन स्विचच्या एकाच पोर्टवर चार-पाच मॅक पत्ते दिसले, की मधे काहीतरी बसलंय समज. केबल धरून जाऊन बघ.

व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्क पाडणं) आणि रंगीत आकृत्या सध्या राहू देत.