चढाला गाडी दम सोडते: आधी सायलेन्सर की रिमॅप?

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी 2021 ची बीएस-6 ट्रॅव्हलर घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं. आत पलंग, ओटा, 200 लिटरची पाण्याची टाकी आहे. कराड-सातारा हायवेला गाडी छान पळते, पण वाईहून पसरणी घाट चढताना दुसऱ्या गिअरवर रखडते. मागच्या महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवाही लागला. एक गॅरेजवाला म्हणतो मोठा पाइप आणि मोकळा सायलेन्सर टाका, डीपीएफ काढूनच टाका. दुसरा म्हणतो रिमॅप करा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवा. आधी खर्च कशावर करू? मुक्कामाला एसीसाठी आम्ही इंजिन तासन्‌तास चालू ठेवतो, त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: काका, तुम्ही सगळ्यात शेवटी जे विचारलंत, तिथेच मला दुखणं दिसतंय. उभ्या गाडीचं इंजिन नुसतं फिरत राहिलं की धूर पुरेसा गरम होत नाही. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला साधारण 550 ते 600 अंश तापमान लागतं. ते न मिळाल्याने काजळी साठत जाते, फिल्टर तुंबतो आणि इंजिनला श्वास बाहेर टाकता येत नाही. म्हणजे एक्झॉस्टमध्ये अडथळा आहे हे तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खोटं नाही, पण तो पाइपच्या व्यासात नाही.

पाइप मोठा करून तुमच्या गाडीला काय मिळेल? जवळजवळ काहीच नाही. डिझेल इंजिनची ताकद किती डिझेल पडतं आणि ते जाळायला किती हवा मिळते यावर ठरते, आणि ही दोन्ही मापं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. पाइप रुंद झाला म्हणून तो एक थेंबही जास्त सोडत नाही. परदेशी व्हिडिओंत हेडर (इंजिनला लागून असलेले धुराचे पाइप) आणि सायलेन्सर बदलून फरक पडलेला दाखवतात, तो खराही असतो. पण अमेरिकेतल्या कित्येक मोटरहोमना फोर्डचं 6.8 लिटरचं, दहा सिलिंडरचं, बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन असतं. त्याचं गणित वेगळं. तिथला इलाज इथे लावू नका.

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी वडिलांच्या हाताखाली पंप-नोझलचं काम शिकले, आता वर्कशॉप मीच चालवते. दोन पावसाळ्यांपूर्वी कोरेगावहून अशीच एक गाडी आली होती. मोठा पाइप आधीच बसवलेला. आत असा घुमणारा आवाज, की मागे बसलेल्या पोरांचं डोकं दुखायचं, आणि चढाला फरक शून्य. आम्ही खाली शिरलो तर इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज क्लिपपाशी चिरलेला, भोवती तेलकट काळा डाग. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच निघून जात होती. हवा कमी पडल्याने काजळी जास्त, म्हणून फिल्टरही भरलेला. होज बदलला, स्कॅनर लावून डीपीएफ रीजनरेट केला, म्हणजे आतली काजळी जाळून टाकली, जुना सायलेन्सर परत चढवला. तीच गाडी यवतेश्वराचा घाट तिसऱ्या गिअरवर चढून गेली.

तुम्हीही इथूनच सुरुवात करा. होज, क्लिपा, एअर फिल्टर बघून घ्या, स्कॅनरवर डीपीएफमधली काजळी आणि बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या हवेच्या दाबाचं, रीडिंग पाहा. मग सगळं सामान भरून, टाकी भरून, तुम्ही दोघं बसून गाडी वजनकाट्यावर न्या. हे काम कुणी करत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. पाणीच 200 किलो झालं. त्यावर प्लायवूड, बॅटऱ्या, सिलिंडर. वाई ते पाचगणी साधारण 600 मीटरचा चढ आहे. चार टनांच्या गाडीत 400 किलो जादा असले, तर तोच चढ त्याच वेगाने चढायला दहा टक्के जास्त ताकद लागते. आरसी बुकातल्या कमाल वजनापेक्षा आकडा वर गेला, तर सामान उतरवा. उतारावर ब्रेकना हेच वजन पेलायचं आहे. पाणी घाट चढून गेल्यावर पाचगणीत भरा.

रिमॅपने ताकद वाढते, यात शंका नाही. डिझेल आणि बूस्ट दोन्ही वाढतात. पण कारवाल्याला ती ताकद ओव्हरटेकपुरती दहा सेकंद लागते, तुम्हाला घाटात वीस मिनिटं सलग. तेवढा वेळ वाढलेली उष्णता टर्बो, पिस्टन आणि क्लच सोसत राहतात. तुंबलेल्या डीपीएफवर किंवा फाटक्या होजवर रिमॅप करणं म्हणजे तापात पळायला लावणं. वरचं सगळं नीट झाल्यावरही गाडी कमी पडली, तर सौम्य रिमॅप मी करून देईन, एक्झॉस्टच्या तापमानाचं मीटर बसवूनच.

डीपीएफ मात्र काढू नका, कुणी कितीही स्वस्तात म्हणो. प्रदूषण आणि आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तो काळा धूर पसरणीत तुमच्या मागून चढणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो.

एसीसाठी जिथे वीज मिळते अशा ठिकाणी मुक्काम करा. आठवड्यातून एकदा हायवेला पाऊण तास सलग गाडी चालवा, गिअर एक खाली ठेवून, म्हणजे धूर तापून काजळी जळेल. वजनकाट्याची पावती आणि स्कॅनरचं रीडिंग मला पाठवा, मग रिमॅपचं बोलू.