उर्मट बोलणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने काय उत्तर द्यावे?

“लोक तोंडाला येईल ते बोलतात, मी ऐकून घेते आणि घरी गेल्यावर लेकरावर ओरडते. मग मी कसली विश्वासी?” हा प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. कधी तो बँकेच्या खिडकीमागे बसणारा कारकून विचारतो, कधी शाळेतील शिक्षिका, कधी सोसायटीच्या प्रत्येक सभेत पाणउतारा सोसणारा सचिव. हे बहुतेक जण नियमाने उपासनेला जाणारे असतात आणि त्यांना समोरच्याच्या उर्मटपणापेक्षा स्वतःच्या संतापाची लाज अधिक वाटते. त्यांच्यापैकी एका परिचारिकेची हकीकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

या ताई एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात काम करत होत्या. त्यांची आजीही परिचारिका होती आणि डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात तिने उमेदीची वर्षे काढली होती. ख्रिस्ती सिस्टरने रुग्णाच्या माणसांना उलटून बोलायचे नाही, ही आजीची शिकवण नातीने अक्षरशः पाळली होती. नातेवाईक “ए बाई” म्हणून हाक मारत, सलाइन संपायच्या आतच खेकसत, डॉक्टर उशिरा आले तर त्याचा राग हिच्यावर काढत. ही मान खाली घालून काम करत राही.

“तुम्ही गप्प राहता, तेव्हा मनात काय चालू असते?” मी विचारले.

त्या थोड्या घुटमळल्या. “मनात मी त्यांना शंभर उत्तरे देते, मॅडम.”

मग त्यांनी कोणत्या महिन्यात कोण काय बोलले, हे बेड नंबरसह सांगितले. एकही शब्द त्या विसरल्या नव्हत्या. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील प्रीतीचे वर्णन त्यांना तोंडपाठ होते, प्रीती अपकार स्मरत नाही हेही त्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या स्वतःला ढोंगी समजत होत्या. मला मात्र त्यांच्यात ढोंग दिसले नाही. माझी अशी पक्की धारणा आहे की संताप कोणाच्या शब्दाने जेवढा पेटतो, त्याहून अधिक त्या शब्दाला आपण दिलेल्या अर्थाने पेटतो. “ए बाई” या हाकेचा अर्थ ताईंच्या मनात “मला काही किंमत नाही” असा होत होता, आणि तोंड बंद ठेवल्यामुळे तो अर्थ तपासायची संधीच त्यांना कधी मिळत नव्हती.

पुढच्या भेटींत आम्ही काही वेळ स्तोत्रसंहितेवर घालवला. देवापुढे रडणारी, तक्रार करणारी, प्रसंगी शत्रूंवर चिडणारी स्तोत्रे तिच्यात आहेत. ज्याला माणसांपुढे सौम्य राहायचे आहे, त्याला कुठेतरी मन मोकळे करावेच लागते, आणि ती जागा लेकराच्या पाठीवर नसून प्रभूच्या चरणांशी असावी, हे ताईंना पटले. घरातला आरडाओरडा कमी झाला, पण वॉर्डातली घुसमट तशीच होती.

उपवासकाळात एकदा मी त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितला. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. तेव्हा येशू त्याला म्हणतो की, मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे. योग्य बोललो असेन तर मला का मारतोस?

ताई वाचता वाचता थांबल्या. दर उत्तम शुक्रवारी ऐकलेला हा भाग त्यांनी पुन्हा वाचला.

“मॅडम, म्हणजे प्रभू बोलला?”

“बोलला. त्याने शिवी दिली नाही, शाप दिला नाही, पण मारणाऱ्याला प्रश्न विचारला.”

“आणि दुसरा गाल?”

“ज्याने दुसरा गाल पुढे करायला सांगितले, त्यानेच हा प्रश्न विचारला आहे, ताई. दोन्ही एकत्र धरूनच वाचले पाहिजे.”

त्या कितीतरी वेळ रडल्या. माझ्या कामात असे क्षण वारंवार येत नाहीत आणि आले की माझी या कामावरील श्रद्धा दृढ होते. सूड न घेणे आणि स्वतःला पायपुसणे होऊ देणे यांत त्यांनी आजवर फरक केला नव्हता. तो फरक त्यांना माझ्या उपदेशाने नव्हे, तर वचनातूनच दिसला, आणि असा दिसलेला फरकच टिकतो.

मग बोलायचे काय, हे आम्ही ठरवले. “दादा, तुमची काळजी मला समजते. मी सगळे सांगते, पण अशा भाषेत नको.” बोलण्याआधी एक श्वास आणि १४१व्या स्तोत्रातील विनंती: हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव. आवाज खालचा, नजर समोर. आणि घरी जाताना, त्या दिवशी जो सर्वांत वाईट बोलला असेल, त्याच्या रुग्णासाठी नाव घेऊन प्रार्थना. ही शेवटची गोष्ट मी आवर्जून सुचवते. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ही आज्ञा मोघम राहिली तर ती जड जाते. परंतु नाव घेतले की त्या माणसाची झोपमोड, वाढत जाणारे बिल, आत पडलेला बाप हे सारे डोळ्यांपुढे येते आणि करुणा ओढून आणावी लागत नाही. त्याच्या भीतीने त्याचा उर्मटपणा क्षम्य ठरतो असे नाही; तो आपल्या किमतीविषयी काही सांगत नाही, एवढे मात्र कळते.

काही नातेवाईक या वाक्याने वरमले, काही आणखी चढले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही प्रेषित पौल, तुमच्याकडून होईल तितके सर्वांबरोबर शांतीने राहा, असेच सांगतो. समोरच्याच्या वाट्याचे ओझे तो आपल्यावर टाकत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. उर्मट बोलणे वेगळे आणि हात उचलणे वेगळे. एका रात्री एका नातेवाइकाने ताईंना ढकलले, तेव्हा तक्रार केली तर क्षमेचे काय, असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना बायबलमधील फिलिप्पै नगरातला प्रसंग दाखवला. तेथे चौकशीविना फटके खाल्लेला पौल तुरुंगातून गुपचूप निघून जायला नकार देतो आणि आपण रोमी नागरिक आहोत हे अधिकाऱ्यांना ठणकावून सांगतो. महाराष्ट्रातही वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध २०१० चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ताईंनी लेखी तक्रार दिली. ती मागे घ्यावी म्हणून त्या कुटुंबाने विनवण्या केल्या, पण त्यांनी ती मागे घेतली नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाचे ड्रेसिंग करण्याची पाळी आली, तेव्हा ती दुसरीवर ढकललीही नाही.