परसातल्या कोंबड्यांना आंबवलेले खाद्य

प्रश्न : आमच्या परसात आठ गावरान कोंबड्या आहेत. उरलेले इडलीचे पीठ, ताक आणि जुने लोणचे त्यांना घातले तर चालेल का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : लोणचे मुळीच घालू नये, कारण त्यातले मीठ कोंबड्यांना सोसत नाही. मीठ न घातलेले इडलीचे पीठ अधूनमधून थोडे चालते. ताक मात्र भरडा ओलावण्यापुरतेच घ्यावे, कारण दुधातली साखर कोंबड्यांना नीट पचत नाही.

माझ्या मते खरा लाभ रोजचे खाद्य आंबवण्यात आहे. मक्याचा भरडा, तांदळाची कणी आणि कोंडा काचेच्या बरणीत घेऊन, वर दोन बोटे पाणी राहील असे भिजवावे, झाकण सैल ठेवावे आणि रोज ढवळावे. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येऊन ताकासारखा आंबूस वास सुटला, की लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंनी आपले काम केले असे समजावे. या क्रियेत दाण्यांतले फायटिक आम्ल घटते आणि त्यात अडकलेला फॉस्फरस कोंबडीच्या अंगी लागतो.

बरणीत केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुजका वास आला, तर वरचा थर काढून भागवू नये, सगळे खाद्य पुरून टाकावे, कारण बुरशीचे विष खालपर्यंत उतरलेले असू शकते. कोकणातल्या पावसाळी दमटपणात ही काळजी अधिकच घ्यावी आणि तासाभरात संपेल इतकेच खाद्य निथळून घालावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावाच.