विषय संपले म्हणून मिटलेली वही

प्रश्न : शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. आता माझे वय 52 आहे. यंदा रोज घरातली एक वस्तू रेखाटायची असे ठरवून मोठी वही आणली. कप, किल्ल्या, चष्मा, पोळपाट असे करत अकरा दिवस गेले आणि मग काढण्याजोगे काही उरलेच नाही, असे वाटू लागले. स्टीलचा तांब्या तर तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तो कलंडलेला दिसला. ही सवय कशी टिकवावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तांब्या तीनदा काढलात हे वाचून बरे वाटले, कारण त्या अकरा दिवसांतला सर्वांत कसाचा सराव तोच असावा. रोज नवी वस्तू हवी असा नियम केला, की ‘हे नको, ते घेऊ’ करत घरभर हिंडण्यातच वेळ जातो आणि दमलेल्या दिवशी वही उघडलीही जात नाही. त्यापेक्षा आठवडाभर एकच वस्तू ठेवावी व रोज बसण्याची जागा तेवढी बदलावी. इटलीतल्या बोलोन्या शहरात राहणारे चित्रकार जॉर्जो मोरांडी (1890–1964) यांनी त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे मांडून कित्येक दशके चित्रे काढली. आपल्या मांडणीवर तर त्याहून अधिक भांडी असतील.

आता तांब्याकडे वळू. त्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात ते गोल काढू पाहतो, आणि तांब्या सपाट ओट्यावर ठेवला आहे हेही ठाऊक असते, म्हणून बूड सरळ रेघेने संपवतो. डोळ्यांना मात्र तसे दिसत नसते. तोंड नेमके डोळ्यांच्या पातळीवर आले तर त्याची निव्वळ एक आडवी रेघ दिसते; भांडे खाली नेत जावे तसतसा तो लंबगोल उघडत जातो. बूड तोंडापेक्षा खाली असल्यामुळे त्याचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा अधिक असायला हवा. आधी मधोमध एक पुसट उभी रेघ आखून तिच्याशी काटकोनात दोन्ही लंबगोल पूर्ण काढावेत, जणू तांब्या काचेचा आहे, आणि त्यांची टोके करंजीसारखी टोकदार होऊ देऊ नयेत. कलंडण्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल. स्टीलची चकाकीही फसवी असते: सगळीकडे करडी छटा भरण्याऐवजी खिडकीचा उजेड जिथे पडतो तिथे कागद कोरा सोडावा आणि त्याला लागूनच असलेला काळा पट्टा बेधडक काळा करावा. हे जड वाटल्यास काही दिवस लाटणे किंवा दगडी खल घ्यावा.

मोठी वही मला या कामासाठी गैरसोयीची वाटते. कोरे पान भरून काढण्याचे दडपण येते. पोस्टकार्डाएवढी वही आणि एक 2बी पेन्सिल पुरे. खोडरबर शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावा. वेळ घड्याळावर न बांधता घरच्या एखाद्या कामाशी बांधावी; मी स्वतः दूध तापत ठेवून वही उघडत असे आणि दोनदा दूध उतू गेल्यावर कुकरच्या शिट्ट्यांवर आलो. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून भरपाई करू नये, कारण अशी थकबाकी वाढली की वही मिटते.

अधूनमधून, ठेवल्या जागी बदलत जाणारी वस्तू घ्यावी. लसणाचा गड्डा पहिल्या दिवशी अखंड, दुसऱ्या दिवशी उकललेला, तिसऱ्या दिवशी नुसती सालपटे. केळ्यावर डाग कसे पसरत जातात हे चार दिवसांत कळते; घरच्यांना तेवढे आधी सांगून ठेवावे.

प्रश्न : वस्तूचा फोटो काढून त्यावरून चित्र काढले तर चालेल का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : वस्तू समोर असताना फोटो कशासाठी? जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा भाग फुगल्यासारखा येतो आणि सावलीतले बारकावे काळ्यात बुडतात. चित्र पूर्ण झाल्यावर मात्र ते आरशासमोर धरून पाहावे; उलटे दिसताच कुठली बाजू झुकली आहे ते लगेच लक्षात येते. साताऱ्याच्या वाचकांनीही तांब्याची ती तीन चित्रे एकदा अशीच पाहावीत.